शेवटचा टाका

आपल्या भाषेत 'आरंभशूर' असा एक शब्द आहे आणि तो निंदेचा आहे. मोठ्या उत्साहाने एखाद्या कार्यास हात घालावयाचा आणि चार दिवसांनी ते कोपऱ्यात टाकून दुसऱ्याकडे वळावयाचे, अशा माणसास आपण या नावाने ओळखतो. परंतु आरंभिलेले कार्य शेवटास नेणाऱ्या माणसासाठी तितकाच नेमका शब्द शोधू गेल्यास तो चटकन सापडत नाही. 'समाप्तिशूर' असे कोणी कोणास म्हटलेले आम्ही ऐकले नाही. याचे कारण बहुधा असे असावे की, अंगी चिकाटी असली म्हणजे शेवट आपोआप येतो, त्यासाठी निराळ्या गुणाची गरज नाही, अशी आपली समजूत आहे. ही समजूत कितपत बरोबर आहे? समाप्ती हे चिकाटीचेच फळ आहे, की तिला स्वतःचे असे वेगळे धैर्य लागते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करण्याचा आमचा हेतू आहे. आणि त्यासाठी आम्ही जो दाखला घेणार आहो तो तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतला नसून आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेतला आहे. तो म्हणजे गोधडी.

गोधडीच का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, पुष्कळशा वस्तूंचा शेवट त्या वस्तूंच्या घडणीतच ठरलेला असतो. कोष्टी मागावर बसतो तेव्हा ताण्याची लांबी आधीच मोजलेली असते. ताणा संपला की लुगडे संपले. कुंभाराचे मडके आव्यातून भाजून निघाले की त्यावर आणखी काही करावयाचे उरत नाही. भाकरी फुगली की झाली. अधिक वेळ ठेवली तर करपते. गोधडीचे तसे नाही. जुन्या लुगड्यांचे थर, त्यांवर लावलेली ठिगळे आणि या सर्वांस एकत्र धरणारा धावदोरा, एवढाच तिचा संसार. तीत आणखी एक ठिगळ नेहमीच मावते. दोन ओळींच्या मध्ये टाक्यांची तिसरी ओळ नेहमीच घालता येते. 'आता पुरे' हे तेथे कापड सांगत नाही, दोरा सांगत नाही. ते शिवणारीने स्वतःच म्हणावे लागते. नीतीचा प्रश्न उपस्थित होतो तो याच ठिकाणी.

अलीकडे तर गोधडी ही केवळ पांघरण्याची वस्तू राहिलेली नाही. तुकड्यांतुकड्यांतून चित्र साधून ती भिंतीवर लावण्याजोगी कलाकृती म्हणूनही केली जाते. आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांस घरात लहानथोर सर्वच अक्का म्हणतात, त्यांनी शाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर अशीच एक गोधडी करावयास घेतली. मातोश्रींच्या मागे राहिलेली सहा लुगडी आणि वडिलांची दोन धोतरे हे तिचे साहित्य. आणि माहेरच्या अंगणातील पारिजातक हा तिचा विषय. रात्रीचे आभाळ मातोश्रींच्या चंद्रकळेचे, फुले धोतराच्या पांढऱ्या कापडाची, आणि फुलांचे देठ एका विटक्या केशरी लुगड्याचे, अशी योजना होती. ही गोधडी पुरी होण्यास चार वर्षे लागली. परंतु लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, तिचा पाऊण भाग पहिल्याच वर्षात झाला होता. उरलेल्या पाव भागास तीन वर्षे लागली. या तीन वर्षांत अक्कांची चिकाटी कमी झाली होती असे मुळीच नव्हे. सुई रोज हातात होती. तेव्हा शेवट अडला होता तो श्रमाअभावी नव्हे. कशाने अडला होता, ते पाहणे उद्बोधक आहे.

पहिली अडचण निर्दोषतेची. काम शेवटाजवळ येऊ लागले तसे अक्का आधीचे टाके उसवू लागल्या. पहिल्या महिन्यांतले टाके लांबआखूड आहेत, आता हात बसला आहे, मग ते तसेच का ठेवावे? युक्तिवाद बिनतोड दिसतो. परंतु त्यात एक खोच आहे. हात बसत जातो तो काम करता करता. म्हणजे आज घातलेल्या टाक्यांच्या मानाने कालचे टाके नेहमीच कच्चे ठरणार. शिकत असलेल्या माणसाने आपल्या आजच्या मापाने कालचे काम दुरुस्त करावयाचे ठरविले तर त्याचे काम कधीच संपावयाचे नाही. जॉन रस्किन याने व्हेनिसच्या शिल्पाविषयी लिहिलेल्या ग्रंथाच्या 1853 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडात गॉथिक कारागिरांचा कैवार घेताना हाच मुद्दा मांडला आहे. जिवंत माणसाच्या हातचे काम पूर्ण निर्दोष असूच शकत नाही, आणि तशी अपेक्षा करणे म्हणजे कारागिरास यंत्र बनविणे होय, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

तथापि रस्किनचे हे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारण्यात एक धोका आहे. दोष हे जिवंतपणाचे लक्षण म्हटले की आळशी माणसास ते प्रशस्तिपत्रच मिळाले! म्हणून दोषादोषांत विवेक केला पाहिजे. तो कसा करावा हे आम्हांस अक्कांच्याच एका वाक्यावरून उमगले. त्या म्हणाल्या, "अरे, गाठ नीट बसली नसेल तर ते उसवायलाच हवं, नाहीतर दोन धुण्यांत सगळं निघून येईल. पण टाका वाकडा आहे हे मलाच दिसतं. पांघरणाऱ्याला थोडंच टोचतं?" नीतिशास्त्रावरील एखाद्या व्याख्यानात यापेक्षा स्वच्छ कसोटी मिळाली असती की नाही, याची आम्हांस शंका आहे. ज्या दोषाने वस्तू वापरणाऱ्याची हानी होते तो दूर करणे हे कर्त्याचे कर्तव्य आहे. तेथे 'पुरे' म्हणणे ही लबाडी होय. ज्या दोषाने केवळ कर्त्याच्या अभिमानास टोचणी लागते, तो राहू देण्यास हरकत नाही. तेथे 'पुरे' न म्हणणे हा अहंकार होय. ऑरिस्टॉटलने निर्मिती आणि आचरण यांत भेद करून, निर्मितीचे साध्य निर्मितीच्या बाहेर असते असे सांगितले आहे. गोधडीचे साध्य शिवणारीच्या समाधानात नाही. ते कोणाच्या तरी अंगावरच्या उबेत आहे.

दुसरी अडचण याहून खोल आहे. चंद्रकळेचा एकच हातभर तुकडा उरला होता. तो लागला की आभाळ पुरे होणार होते, आणि मातोश्रींच्या वस्त्रांपैकी हाती धरण्याजोगे सुटे असे काहीच मागे राहणार नव्हते. अक्का तो तुकडा काढीत, घडी उलगडीत, पुन्हा ठेवून देत. विचारले तर म्हणत, रंग जुळत नाही. एकाच लुगड्याचा रंग त्याच लुगड्याशी कसा जुळत नाही, हे कोणी त्यांस विचारले नाही, आणि विचारले नाही हे योग्यच झाले. होमरच्या काव्यात युलिसीसची पत्नी पेनेलोपी सासऱ्यासाठी प्रेतवस्त्र विणीत असते; ते संपले की तिला मागणी घालणाऱ्यांपैकी एकाची निवड करावी लागणार असते. म्हणून दिवसा विणलेले ती रात्री उलगडते. तीन वर्षे हा क्रम चालतो. चौथ्या वर्षी एक दासी फितूर होते आणि ते वस्त्र तिला पुरे करावे लागते. पेनेलोपीस आळशी कोण म्हणेल? अपुरे काम हा तिचा आसरा होता. आपल्यापैकी पुष्कळांची अपुरी कामे अशीच असतात. वडिलांची पत्रे लावून ठेवावयाची राहिलेली असतात. दिवंगत मित्राचे चरित्र लिहावयाचे राहिलेले असते. ते लिहून संपेपर्यंत तो मित्र जणू काही थोडासा शिल्लक असतो. समाप्ती ही कित्येकदा दुसरी ताटातूट असते, आणि तिला जे धैर्य लागते ते चिकाटीच्या कोशात सापडत नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. 'हाती घ्याल ते तडीस न्या' हे वचन आपण शाळेच्या भिंतीवर लिहितो. पण प्रत्येक गोष्ट तडीस नेलीच पाहिजे काय? चुकीचे कार्य हाती घेतले गेले असेल, शक्ती सरली असेल, त्याहून मोठे कर्तव्य पुढे उभे राहिले असेल, तर काय करावे? आमच्या मते आरंभिलेले सोडणे हे सर्वथैव निंद्य नाही. मात्र सोडणे आणि पडू देणे यांत अंतर आहे. अर्धवट गोधडी उसवून तिचे कापड कोणाच्या दुपट्यास देणे, हे सोडणे झाले. त्यात निर्णय आहे आणि त्या निर्णयाची जबाबदारीही आहे. तीच गोधडी 'करू पुढे केव्हातरी' म्हणून डांबराच्या गोळ्या टाकून वीस वर्षे ट्रंकेत ठेवणे, हे पडू देणे झाले. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहाने केलेला तो तामस, आणि देहास कष्ट होतील या भयाने केलेला तो राजस. आम्हांस असे वाटते की, ट्रंकेतील गोधडी या दोहोंच्याही खालच्या पायरीवर आहे; कारण तेथे त्यागदेखील पुरा केलेला नसतो.

मग शेवट साधावा कसा? याचा एक मार्ग आम्हांस सिद्दी स्त्रियांच्या कामात दिसतो. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या रानमय भागांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीजांनी त्यांतील अनेकांस गुलाम म्हणून गोव्यात आणले होते, आणि गोव्यातून निसटलेल्यांपैकी काहींनी या रानांत आसरा घेतला. त्यांच्यात हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत, आणि कोंकणीशी त्यांच्या बोलीचे जवळचे नाते आहे. या लोकांतील स्त्रिया जी गोधडी शिवतात तिला 'कवंदी' म्हणतात. कवंदी शिवण्याची रीत अशी की, आरंभ कडेच्या एका कोपऱ्यापासून करावयाचा, आणि ठिगळे लावीत व टाके घालीत कडेकडेने फिरत आत आत मध्याकडे सरकत जावयाचे. चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांची फुले लावतात. ती नसली तर गोधडी उघडी दिसते, असे त्या मानतात.

या रीतीत आम्हांस मोठा अर्थ दिसतो. आपण सामान्यतः मध्यापासून आरंभ करतो आणि बाहेर पसरत जातो. कडा पुढे केव्हातरी येईल अशी आशा धरतो. सिद्दी स्त्री कडा आधी बांधते. आपले काम केवढे, हे तिने पहिल्याच दिवशी ठरविलेले असते. त्यानंतरचा प्रत्येक टाका उरलेली जागा थोडी थोडी कमी करीत जातो, आणि शेवटचे ठिगळ जेथे बसते तेथे शेवटावाचून दुसरे काही होण्यास जागाच नसते. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण पैशापुरती वापरतो. ती कार्यासही लागू आहे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसास तर हे विशेष ध्यानात धरण्याजोगे आहे. आयुष्याच्या गोधडीची कडा आपण बांधलेली नसते हे खरे. पण ती बांधलेली आहे एवढे निश्चित, आणि उरलेली जागा आता आतल्या बाजूसच आहे. कोणती चार कामे तीत बसतील आणि कोणती बसणार नाहीत, हे ठरविण्यात निराशा नाही. उलट तसे ठरविल्यानेच हाती असलेल्या टाक्याकडे नीट लक्ष देता येते.

काम संपले, पण ते कोणाचे? समाप्तीनंतरचा हा प्रश्न समाप्तीइतकाच अवघड आहे. अमेरिकेत जॉर्जिया प्रांतातील अथेन्स गावाजवळ हॅरिएट पॉवर्स नावाची एक निग्रो स्त्री राहत असे. तिचा जन्म 1837 साली गुलामगिरीत झाला. बायबलातील कथांची चित्रे कापडाच्या तुकड्यांतून साधून तिने एक गोधडी शिवली, आणि 1886 साली अथेन्स येथील कापसाच्या जत्रेत ती मांडली गेली. जेनी स्मिथ नावाच्या एका गोऱ्या चित्रकला-शिक्षिकेने ती पाहिली व विकत मागितली. कितीही किंमत दिली तरी विकावयाची नाही, असे तिला उत्तर मिळाले. परंतु पुढे चारपाच वर्षांत दिवस फिरले, हलाखी आली, आणि पतीच्या सांगण्यावरून हॅरिएट स्वतः ती गोधडी घेऊन त्या बाईंकडे गेली. तिने दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. ते तिने घेतले. मात्र देण्यापूर्वी प्रत्येक चित्राचा अर्थ समजावून सांगितला, आणि जेनी स्मिथने तो लिहून ठेवला. त्यानंतरही आपल्या लेकरास भेटावयास यावे तशी ती त्या गोधडीस पाहण्यासाठी अनेकदा येत असे. ती गोधडी आज वॉशिंग्टन येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास-संग्रहालयाच्या संग्रहात आहे; तिची दुसरी चित्रमय गोधडी बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे.

ही हकीकत सांगून कोणी त्यागाचा महिमा गाऊ लागेल तर त्यास आम्ही थांबवू. फळाची आसक्ती सोडावी, हा उपदेश थोर आहे. पण तो कोणास करावयाचा याला मर्यादा आहे. ज्याचा फळावरील अधिकार मान्य झालेला आहे त्यानेच तो सोडण्यात थोरवी असते. ज्या स्त्रीचा स्वतःच्या देहावरील अधिकारही जन्मतः नाकारला गेला होता, आणि जिला पोटासाठी अर्ध्या किमतीत आपले काम देऊन टाकावे लागले, तिच्या वाट्यास जे आले त्यास त्याग म्हणू नये. ती हानी होती. दुसऱ्याच्या हानीस त्यागाचे नाव देऊन तिचे कौतुक करणे, ही सुखवस्तू माणसांची एक जुनी खोड आहे. आपल्याही घरांतून स्त्रियांच्या शिवण्याटिपण्याविषयी हेच होत आले. तिने शिवावे, घरच्यांनी पांघरावे, आणि 'तिला त्यातच आनंद' असे आपण म्हणावे! हॅरिएट पॉवर्सकडून घ्यावयाचा धडा निराळा आहे. गोधडी हातची गेली तरी तिचा अर्थ आपला आपण सांगण्याचा अधिकार तिने सोडला नाही. तिच्या चित्रांचे मर्म आज जगास कळते ते तिच्या त्या सांगण्यामुळेच.

अक्कांची स्थिती याच्या उलट, सुदैवाची. त्यांच्या गोधडीवर त्यांचाच अधिकार होता आणि पैशाची निकड नव्हती. चंद्रकळेचा तुकडा त्यांनी अखेर एका दुपारी, कोणास न सांगता, लावून टाकला. घरातील काही मंडळींचे मत पडले की, आता ही चौकटीत बसवून, वर काच लावून, दिवाणखान्यात टांगावी. अक्कांनी तिला अस्तर लावून घेतले आणि धाकट्या नातीच्या बारशास ती बाळाच्या अंगाखाली घातली. ती ओली होईल, धुवावी लागेल, रंग जाईल, हे सर्व बोलून दाखविण्यात आले. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, आईची लुगडी आईनेही धुऊन धुऊनच विटविली होती. काचेआड ठेवणे सर्वथा गैर, असा याचा अर्थ आम्ही करीत नाही. हॅरिएटच्या गोधड्या काचेआड नसत्या तर आज त्या उरल्याही नसत्या. परंतु काच लावावी की न लावावी, हे ज्याने काम पुरे केले त्यास ठरवू द्यावे, एवढे तत्त्व दोन्ही उदाहरणांतून निघते.

आणि ती गोधडी फाटेल तेव्हा? तेव्हा तिच्यावर दुसरे कोणी ठिगळ लावील. जुन्या गोधडीवर नवे लुगडे घालून तिलाच पुन्हा दोरा घालण्याची चाल आपल्याकडे आहे. आतला थर आजीचा, वरचा नातसुनेचा. आपल्या वाङ्मयातही याचे एक थोर उदाहरण आहे. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवासे येथे गीतेवरील आपली टीका पुरी केली, आणि ग्रंथ संपल्यावर जे मागणे मागितले ते स्वतःसाठी न मागता सर्व प्राणिमात्रांसाठी मागितले. तोच शेवटचा टाका. पुढे सुमारे तीनशे वर्षांत त्या ग्रंथात अपपाठ शिरले, आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी तो शुद्ध केला. एकनाथ स्वतः समर्थ कवी होते. स्वतःच्या चार ओव्या घालणे त्यांस अवघड नव्हते. परंतु त्यांनी तसे केले नाही. उलट पुढच्यांनीही त्यात आपली भर घालू नये, असे बजावून ठेवले. ठिगळ लावावे, पण वीण बिघडवू नये, ही दुरुस्त करणाऱ्याची नीती त्यांनी अशी घालून दिली.

एकाने 'पुरे' म्हटले नसते, तर दुसऱ्यास दुरुस्त करावयास काही मिळाले नसते. अपुऱ्या वस्तूस कोणी ठिगळ लावीत नाही. ती तशीच पडून राहते आणि कर्त्याबरोबर नाहीशी होते. पुरी झालेली वस्तूच दुसऱ्याच्या हाती जाते, वापरली जाते, झिजते आणि पुन्हा सांधली जाते. तेव्हा समाप्ती म्हणजे कार्याचे मरण नव्हे. ते कार्य एकट्याचे होते ते अनेकांचे होण्याचा तो क्षण आहे. त्या क्षणी कर्त्यास आपली निर्दोषतेची हाव, आपले दुःख आणि आपली मालकी, या तिहींची पकड थोडी थोडी सैल करावी लागते, आणि म्हणूनच तो क्षण लांबविण्याकडे मनाची ओढ असते. चिकाटी आपणांस त्या क्षणापर्यंत आणून सोडते. पुढचे काम तिचे नव्हे.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी एखाद्या ट्रंकेत काहीतरी अर्धवट पडलेले असेल. ते कापडाचेच असेल असे नाही. ते या आठवड्यात एकदा बाहेर काढून पाहावे, अशी आमची विनंती आहे. पुरे करण्यासारखे असेल तर त्याची कडा बांधून पुरे करावे. नसेल तर उसवून त्याचे कापड कोणास तरी द्यावे. दोहोंपैकी काहीही केले तरी ट्रंकेतील जागा मोकळी होईल, आणि कोणाच्या तरी अंगावर पांघरूण येईल.